पाय काढायची वेळ आली तर आधी विचारा, ‘कुठून?’

डॉक्टर ‘पाय काढावा लागेल’ म्हणाले की घरात एकच वाद सुरू होतो, काढायचा की नाही. गावाकडून काका-मामा येतात, कुणाला झाडपाल्याचं औषध देणारा माणूस आठवतो, कुणी पुण्याला नेऊ म्हणतं, आणि दोन-चार दिवस असेच जातात. सोलापुरात अशा पेशंटना पुन्हा उभं करणं, चालायला शिकवणं हे माझं काम. त्यामुळे मला त्या वादापेक्षा दुसरा प्रश्न मोठा वाटतो. कुठून काढणार? बोट, अर्धं पाऊल, गुडघ्याखालून की गुडघ्यावरून? पेशंट पुढे घरभर फिरणार की खाटेवर बसून राहणार, हे बरंचसं त्या उत्तरावर ठरतं. आणि वादात गेलेला प्रत्येक दिवस कापायची रेघ वर सरकवू शकतो. सोमवारी बोटावर भागलं असतं, ते शनिवारी गुडघ्याशी येऊन पोचू शकतं.

गुडघ्याचं एवढं काय? गुडघ्याखालून काढलेल्या पायाला कृत्रिम पाय लावून चालताना धडधाकट माणसापेक्षा साधारण पाव हिस्सा जास्त शक्ती लागते. गुडघ्यावरून काढला असेल तर दीडपट किंवा त्याहूनही जास्त. तिशीतला पोरगा ती लावतो. साठी ओलांडलेल्या, शुगर असलेल्या, हृदय कमजोर झालेल्या माणसाला ती झेपत नाही. मग हौसेने आणलेला पाय खाटेखाली पडून राहतो.

काढतात तरी कशासाठी

अंगविच्छेदन म्हणजे हात, पाय किंवा त्याचा काही भाग शस्त्रक्रिया करून शरीरापासून वेगळा करणं. तशी वेळ तीन परिस्थितींत येते. तो भाग मेलेला असतो. किंवा त्याच्यातलं विष अंगभर पसरून जीव जायची भीती असते. किंवा भाग वाचवता येईल, पण वाचून उपयोगाचा राहणार नाही, नुसता दुखत राहील.

आपल्याकडे पुष्कळ पाय जातात ते शुगरमुळे. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसांची जाणीव जाते आणि रक्तवाहिन्या अरुंद होतात. खडा टोचला, नवी चप्पल लागली, एप्रिल-मे महिन्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर तळवा भाजला, तरी कळत नाही. मधुमेहात पाय काढायच्या शस्त्रक्रियांपैकी सुमारे ८५ टक्के वेळा सुरुवात अशा साध्या जखमेनेच झालेली असते. त्यात घरचे उपाय भर घालतात. जखमेत हळद-चुना भरणं, कुरूप ब्लेडने तासणं, बधिर पाय गरम पाण्याच्या बादलीत बुडवणं. शेवटच्या उपायाने तर डोळ्यांदेखत फोड आलेले पाय मी पाहिले आहेत, आणि पेशंट म्हणतो, “पाणी काही तेवढं गरम नव्हतं.” त्याच्या पायाला ते खरंच लागलेलं नसतं.

दुसरं कारण विडी-सिगारेट. आपल्या शहरात विड्या वळतात बायका, ओढतात पुरुष, आणि बोटं जातात ओढणाऱ्याची. बर्जर नावाच्या आजारात तिशी-चाळिशीतल्या, शुगर नसलेल्या माणसाच्याही हातापायाच्या बारीक रक्तवाहिन्या बंद होतात. या आजारावर खरा इलाज एकच, तंबाखू पूर्ण बंद. ‘कमी केलीय’ याला इथे काही अर्थ नाही. ओढत राहिला तर आज अंगठा, पुढच्या वर्षी पाऊल.

तिसरं अपघात. हायवे, लूम (यंत्रमाग), उसाची ट्रॉली, कडबाकुट्टी, विजेचा शॉक. चौथं हाडाचा कॅन्सर. वाढत्या वयातल्या मुलाच्या गुडघ्याजवळ सूज आली, रात्री ठणका मारतो, तर ती चोळून घ्यायला नेऊ नका, आधी एक्स-रे काढा. वेळेवर गेलं तर आता केमोथेरपी देऊन, गाठीचं हाड तेवढं काढून पाय पुष्कळदा वाचवता येतो. त्यासाठी मुंबईच्या टाटाला जावं लागलं तरी पहिली तपासणी बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये होऊ शकते.

तुटलेला भाग सोबत न्यायचा असेल तर

मशीनमध्ये बोट किंवा हात तुटून वेगळा झाला तर लोक तो थेट बर्फात टाकतात. बर्फाने तो गारठून मरतो. जखमेवर स्वच्छ कापड ठेवून घट्ट दाबून धरा, हात वर उचला. दाबूनही रक्ताची धार थांबत नसेल तरच जखमेच्या वर रुंद पट्टी आवळून बांधा आणि किती वाजता बांधली ते लिहून ठेवा. तुटलेला भाग ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. १०८ ला फोन करा. बोटाला काही तास सवड असते. मनगटाच्या वरून तुटलेल्या हातात स्नायू जास्त, त्याच्याकडे साधारण सहाच तास. म्हणून निघतानाच फोन करून विचारा, तुटलेला भाग जोडणारा प्लास्टिक सर्जन आत्ता हजर आहे का. नसेल तर तिथे थांबून वेळ घालवू नका.

काळा पाय: थांबता येईल की नाही

गँगरीन म्हणजे शरीराचा भाग मरणं. त्याचे दोन प्रकार नातेवाइकांना ओळखता आले पाहिजेत.

कोरडं गँगरीन म्हणजे बोट काळं पडलेलं, सुकून आखडलेलं, वास नाही, चांगल्या आणि मेलेल्या कातडीत रेघ दिसते. इथे श्वास घ्यायला वेळ असतो. रक्तपुरवठ्याच्या तपासण्या करता येतात, वरची रक्तवाहिनी उघडता येते.

ओलं गँगरीन म्हणजे सूज, पू, दुर्गंधी, लाली घोट्याकडून वर चढतेय, ताप, पेशंट बरळतोय किंवा सुस्त पडलाय. इथे बैठक बसवायची नाही. कातडीखाली दाबल्यावर चुरचुर लागत असेल, फोड येत असतील तर हिशेब तासांचा आहे. अशा वेळी डॉक्टर कधी कधी दोन टप्प्यांत काम करतात. आधी सडलेला भाग झटपट काढून जखम उघडी ठेवायची, आणि पेशंट सावरल्यावर, काही दिवसांनी, नीट आकार देऊन बंद करायची. ‘दोनदा ऑपरेशन लावलं, पैसे उकळले’ अशी कुजबुज होते, पण सडलेल्या जागी टाके घालून टाकणं हा खरा निष्काळजीपणा झाला असता.

एक तिसरी गोष्ट. पाय अचानक पांढरा-गार पडला, प्रचंड दुखतोय, बोटं हलत नाहीत, तर हे गँगरीन व्हायच्या आधीचं आहे. रक्तवाहिनीत गुठळी अडकली असू शकते. सहा तासांच्या आत गुठळी निघाली तर पाय वाचायची चांगली आशा असते. हा पाय रात्रभर शेकत बसायचा नाही.

सही करण्याआधी

पेशंट शुद्धीत असेल तर त्याच्याशी बोला. त्याच्या पाठीमागे ठरवून सकाळी थेट थिएटरमध्ये नेलेला माणूस पुढे व्यायामाला साथ देत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहतो. एका आण्णांनी डॉक्टरांना विचारलं होतं, “मला काय दुखायलंच नाही, मग कशाला कापायलाव?” प्रश्न रास्त होता. दुखत नव्हतं, कारण नसा मेल्या होत्या. डॉक्टरांनी त्यांना त्यांच्याच पायाचा फोटो मोबाइलवर दाखवला, तळव्याची बाजू. ती त्यांनी स्वतः कधी बघितलेलीच नव्हती. थोडा वेळ गप्प बसून आण्णा एवढंच म्हणाले, “गुडघा ठेवा तेवढा.”

तर विचारायचं असं. रक्तपुरवठा तपासला का? घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात, ०.९ पेक्षा कमी आलं तर पायाचा पुरवठा तोकडा. शुगरच्या पेशंटमध्ये रक्तवाहिन्या कडक झाल्याने हा आकडा फसवा येऊ शकतो, म्हणून कलर डॉपलर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी), गरज पडली तर सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचं स्कॅन). अँजिओप्लास्टी किंवा बायपास करून पुरवठा वाढवता येईल का? पूर्ण पाय वाचणार नसला तरी त्यामुळे कापायची रेघ खाली येऊ शकते, आणि तेच तर हवं आहे. या कामासाठी व्हॅस्क्युलर, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जनचं मत घ्या. कोरड्या गँगरीनमध्ये दुसरं मत घ्यायला काहीच हरकत नाही. ओल्यात दुसरं मत त्याच दिवशी, त्याच वॉर्डात.

मग मुख्य प्रश्न: कुठून, आणि तिथूनच का? ‘वरून काढला की पुन्हा कटकट नाही’ एवढंच उत्तर मिळालं तर आणखी विचारा. मात्र उलट हट्टही नको. रक्त पोचत नसलेल्या जागी खालून काढलेली जखम भरत नाही आणि महिन्याभरात पुन्हा टेबलावर जावं लागतं. जो माणूस आधीपासूनच अंथरुणाला खिळलेला आहे आणि ज्याचा गुडघा आखडून गेलाय, त्याला गुडघ्यावरून काढणं कित्येकदा जास्त सोयीचं पडतं.

पैशाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत नोंद असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस बसतो. भरती झाल्याबरोबर रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला गाठा. मंजुरी ऑपरेशनच्या आधी लागते. सिव्हिलला, म्हणजे आपल्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, सर्जरी आणि ऑर्थो दोन्ही विभाग आहेत. कुठल्या विभागाकडे पेशंट आहे ते केसपेपरवर बघून ठेवा, नाहीतर चौकशीत अर्धा दिवस जातो.

आणखी एक गोष्ट, जी विचारायला लोकांना कसंतरी वाटतं. काढलेल्या पायाचं काय होतं? नियमाप्रमाणे तो जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जातो आणि जाळून नष्ट केला जातो. काही घरांत तो पुरायची रीत असते. तसं असेल तर ऑपरेशनच्या आधी सांगा आणि लेखी अर्ज द्या. नंतर मागून उपयोग नाही.

टेबलावर काय करतात

बहुधा कमरेत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. कोणता पाय ते कातडीवर मार्करने आधी लिहिलेलं असतं, नातेवाइकांनीही बघून घ्यावं. गुडघ्याखालून काढताना सांध्याखाली साधारण १२ ते १५ सेंटिमीटर हाड ठेवतात. पोटरीच्या बाजूची कातडी आणि स्नायू लांब ठेवून ते पुढे वळवून शिवतात, कारण मागच्या बाजूला रक्तपुरवठा चांगला असतो आणि हाडाच्या टोकाला गादी मिळते. नडगीच्या हाडाची पुढची धार घासून गोल करतात. बाजूचं बारीक हाड थोडं आखूड कापतात. नस हलकेच ओढून कापतात, म्हणजे ती आत सरकते आणि टोकाशी दाबली जात नाही. हे सगळं नीट झालं तरच पुढे कृत्रिम पाय टोचत नाही. म्हणून ‘कापायला काय लागतं’ असं म्हणू नये.

पहिले सहा आठवडे

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि तेही प्रेमापोटी. पेशंटला बरं वाटावं म्हणून घरचे उरलेल्या पायाखाली उशी देतात, नाहीतर सोलापुरी चादरीची जाड घडी सरकवतात. गुडघा तसाच वाकलेला राहतो आणि तीन-चार आठवड्यांत आखडतो. मग तो सरळ होत नाही आणि कृत्रिम पाय बसत नाही. वाचवलेला गुडघा असा घरी येऊन वाया जातो. पायाखाली काहीही ठेवायचं नाही. खुर्चीत बसल्यावर उरलेला पाय लोंबकळत न ठेवता फळीवर सरळ. दिवसातून दोन-तीनदा, वीस मिनिटं, पोटावर पालथं झोपायचं, म्हणजे खुबा आखडत नाही. पोट सुटलेल्या मंडळींना पालथं झोपणं जिवावर येतं, पण याला पर्याय नाही.

टाके शुगरच्या पेशंटमध्ये तीन आठवडे किंवा जास्त ठेवतात. पट्टी बांधायचं घरच्या एका माणसाने वॉर्डातच शिकून घ्यावं. क्रेप बँडेज तिरकं, इंग्रजी आठच्या आकड्यासारखं न्यायचं, टोकाशी जास्त घट्ट, वर जाईल तसं सैल, आणि गुडघ्याच्या वर एक वेढा. बांगडीसारखे आडवे गोल वेढे दिले तर ते फास होतात आणि टोक सुजून फुग्यासारखं होतं. दर चार-सहा तासांनी सोडून पुन्हा बांधायचं. बँडेज साध्या साबणाने धुवा आणि सावलीत आडवं पसरून वाळवा. दोरीवर लटकवलं की ताण जातो.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून खाटेच्या कडेवर बसवतो, मग वॉकर धरून उभं. हातात ताकद आणायची. पेशंट रात्री झोपेत पाय आहे असं समजून उठतो आणि पडतो, पडला तर तो थेट टोकावर. म्हणून पहिले काही आठवडे खाटेला खुर्ची टेकवून ठेवा.

घरी नेण्याआधी घर बघून घ्या. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे बोळात पिंप, घागरी, बादल्या लावलेल्या असतात. वॉकर अडतो, ओल्या फरशीवर कुबडी घसरते. ते सगळं एका भिंतीला घ्या. कुबडीच्या टोकाचं रबर झिजलं की लगेच बदला. उंबऱ्याला उतार करा. भारतीय संडास असेल तर त्यावर ठेवायची कमोड खुर्ची आणा आणि भिंतीला पाइपचा आडवा दांडा ठोकून घ्या.

विडी, मावा, मशेरी यांतलं काहीही चालू असेल तर जखम भरायला वेळ लागतो. निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं.

नसलेला पाय दुखतो

बहुतेकांना नसलेला पाय जाणवतो, आणि त्यातल्या पुष्कळांना दुखतोही. अंगठा पिळवटतोय, तळवा जळतोय. हे वेड नाही आणि भुताटकीही नाही. मेंदूतला पायाचा नकाशा तसाच राहतो. पेशंटला हे ऑपरेशनच्या आधी सांगून ठेवलं तर तो घाबरत नाही. न सांगितलेला माणूस लपवतो, आणि रात्र रात्र जागतो. साध्या दुखण्याच्या गोळीने हे थांबत नाही, नसांच्या दुखण्याची वेगळी औषधं डॉक्टर देतात. १९९०च्या दशकात डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी आरशाचा उपाय पुढे आणला. दोन्ही पायांच्या मध्ये उभा आरसा धरून चांगल्या पायाचं प्रतिबिंब बघत त्याची बोटं हळूहळू हलवायची, दिवसातून पंधरा-वीस मिनिटं. सगळ्यांना लागू पडत नाही. ज्यांना पडतं त्यांना बरंच पडतं, आणि खर्च आरशाचा.

कृत्रिम पाय कधी आणि कोणता

जखम पूर्ण भरली, सूज ओसरली की मापं घेतात, साधारण दीड ते तीन महिन्यांनी. शिबिरात मोफत पाय मिळतोय म्हणून टाके निघाल्या निघाल्या पळू नका. उरलेला पाय वर्षभर बारीक होत राहतो. घाईत घेतलेला साचा, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो भाग, दोन-तीन महिन्यांत ढिला होतो, आत पाय खाली-वर सरकतो आणि फोड येतात. पहिला साचा बदलावा लागणार हे धरूनच चाला. तोवर जादा मोजे घालून घट्टपणा जमवता येतो.

जयपूर फूट १९६८ साली डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी बनवला, तो आपल्यासारख्यांसाठीच. त्यावर अनवाणी चालता येतं, मांडी घालता येते, उकिडवं बसता येतं, चिखलात जाता येतं. विड्या वळायला मांडी घालून बसणाऱ्या मावशींना आणि शेतात जाणाऱ्यांना मी आधी तोच सुचवतो. लूमवर पूर्ण पाळी उभं राहणाऱ्याला हलका, चांगल्या साच्याचा मॉड्युलर (सुटे भाग जोडून बनवलेला) पाय परवडत असेल तर बघावा. पण पैसे पावलावर घालू नका, साच्यावर घाला. पाऊल कितीही भारी असलं आणि साचा टोचत असला तर पाय वापरला जात नाही.

पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं घालायचा, काढून कातडी बघायची. लाली दहा मिनिटांत गेली तर ठीक, राहिली तर साचा दुरुस्त करून घ्यायचा. आपल्या उन्हाळ्यात साच्यात घाम साचतो. दुपारी एकदा काढून पुसा, मोजा बदला. घालण्याआधी तेल किंवा क्रीम लावू नका.

कागदपत्रं

डिस्चार्ज कार्डावर ‘डावा पाय काढला’ एवढंच लिहिलेलं घेऊ नका. कुठून काढला आणि उरलेल्या भागाची लांबी किती, हे सेंटिमीटरमध्ये लिहून घ्या. कामावर अपघात झाला असेल तर कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात टक्केवारी लांबीवर ठरते. गुडघ्याखाली ८.८९ सेंटिमीटरपेक्षा जास्त भाग उरला असेल तर कमाईची क्षमता ५० टक्के गेली असं धरतात. मांडीच्या मध्यापासून तिथपर्यंत ६०. ईएसआय (कामगार राज्य विमा) असेल तर तिकडे अर्ज.

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करून तपासणीची तारीख घ्यायची. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर एसटीत ७५ टक्के सवलत मिळते. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात. महापालिका आणि ग्रामपंचायतींना स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवावा लागतो, त्याची चौकशी करायला संकोच नको.

दुसरा पाय

शुगरमुळे एक पाय गेला तर दुसऱ्याच्याही रक्तवाहिन्या त्याच वयाच्या आणि त्याच आजाराच्या असतात, आणि आता सगळा भार त्याच्यावर. रोज रात्री तळवा आरशात बघा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, नखं सरळ कापा. घरातसुद्धा एमसीआरची (एक प्रकारचं मऊ रबर) मऊ चप्पल, मागे पट्टा असलेली. चप्पल घ्यायला संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो आणि माप खरं मिळतं.

कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जायचा नेम असेल तर बधिर पायाने ते पंचेचाळीस-एक किलोमीटर अनवाणी करू नका. आईला नवस बोललेला असेल तर वेशीपर्यंत गाडीने जा आणि शेवटचा टप्पा चप्पल घालून चाला. पायऱ्यांशी चप्पल काढावी लागते तिथे जाड सुती मोजे घाला आणि दर्शन सकाळी लवकर घ्या, फरशी तापायच्या आत. परतल्यावर बॅटरी लावून तळवा बघा. छोटासा फोड दिसला तरी दुसऱ्या दिवशी ओपीडीला जा, दिवाळीनंतर नाही.